कानाची कड

मिंझाने बाळाच्या टोपीची नाडी सोडली आणि तिचा हात तिथेच थांबला. लुगोलाचे दोन्ही गाल लाल झाले होते. कानाची कड तर पोळल्यासारखी दिसत होती. बोट लागताच तो कळवळून रडला.

"आई, आज याला बाहेर नेलं होतं का?"

तिची सासू, कबुला, चुलीपाशी मक्याची उगाली घोटत होती. तिचा हात थांबला नाही.

"मी? अंगणाचं तोंडसुद्धा दाखवलं नाही त्याला. तुझ्याच हातांना मासळीची खवलं चिकटलेली असतात. त्यांनी चरचरलं असेल."

मिंझाने हात पुन्हा धुतले. मग खिडकीच्या फटीतून ऊन येत असेल म्हणून तिथे पोतं ठोकलं.

बाळाच्या अंगावर आईबापाच्या काळ्याभोर रंगाचा एक ठिपकाही नव्हता. केस वाळल्या गवतासारखे, पापण्यासुद्धा तशाच. दवाखान्यातली नर्सबाई पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "याच्या कातडीत उन्हाला अडवणारं काही नाही. सहा महिन्यांचा होईपर्यंत मलमसुद्धा नको. सावली आणि कापड, हेच याचं औषध. पूर्ण बाह्या, रुंद काठाची टोपी, आणि उन्हात न्यायचंच नाही." लुगोला आता पाच महिन्यांचा होता.

आणि मिंझाचं पोट उन्हावर होतं. होड्या रात्री दिवे लावून सरोवरात जायच्या आणि सकाळी बोटाएवढे डागा मासे आणून ओतायच्या. बायका ते वाळूवर पसरायच्या, दाताळ्याने उलटायच्या. ऊन कडक पडलं की त्या खूश. मिंझाही खूश व्हायची, आणि लगेच तिला घरातल्या अंधाऱ्या खोलीची आठवण यायची. पण घोर नसायचा. दुपारी ती धावत जाऊन बाळाला पाजून यायची, तेव्हा तो टोपी-सदऱ्यासकट सासूच्या मांडीवर, अंधारात, अगदी जसा हवा तसा असायचा.

सासूवर तिचा जीव होता. त्यालाही कारण होतं. त्यांच्याकडे नवं बाळ फिकंच जन्मतं. बायका त्याच्या कानाची कड बघतात आणि पुढे अंगावर कोणता रंग येणार ते सांगतात. लुगोलाची कड सगळ्यांनी वाकून बघितली आणि कुणीच काही बोललं नाही. शेवटी नवऱ्याची आत्या पुटपुटली, "हे आपल्या रक्ताचं दिसत नाही." तेव्हा कबुलाने बाळ ओढून मांडीवर घेतलं. "नाक बघा याचं, कपाळ बघा! माझ्या लेकाचा, माशाकाचा आहे हा. ज्याला काही बोलायचंय त्याने माझ्या तोंडावर बोलावं." बाळंत झाल्यापासून कोरड्या डोळ्यांनी बसलेली मिंझा त्यानंतर पोटभर रडली होती.

पुढे चांदणं भरलं. उजेडात मासे दिव्याला येत नाहीत, म्हणून होड्या वाळूवर ओढून ठेवल्या गेल्या. मिंझा घरीच होती. बाळाची साल निघाली, खाली कोवळी कातडी आली, तो हसू लागला. मग अंधाऱ्या रात्री परतल्या. होड्या गेल्या, मिंझा वाळूवर गेली, आणि बाळाचे गाल पुन्हा लाल झाले.

"तुझ्या पोराची तऱ्हाच न्यारी बाई," शेजारी दाताळं ओढणारी एस्तेरी म्हणाली. "चांदण्यात बरा होतो आणि अंधाऱ्या रात्री आल्या की भाजतो. चंद्राचाच दिसतोय!"

एस्तेरी स्वतःच्याच विनोदावर हसत राहिली. मिंझाचं दाताळं मात्र वाळूत रुतून बसलं. तिने ते उपसून एस्तेरीच्या हातात दिलं आणि ती घराकडे चालू लागली. सकाळ अजून चढतच होती.

खोलीत कुणी नव्हतं. टोपी खुंटीला होती, सदरा नीट घडी करून ठेवलेला. घरामागून गाणं ऐकू येत होतं.

कबुला भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. मांडीवर लुगोला उघडाबंब, तेलाने चकचकीत, पूर्वेकडे तोंड करून. डोळे गच्च मिटलेले. ती दोन बोटांनी त्याच्या कानाची कड उलगडून बघत होती.

"आई."

कबुला दचकली नाही. उलट तिचा चेहरा खुलला.

"ये, तूच बघ आता. म्हटलं होतं ना मी, काहींना उशिरा येतो. कडेने धरलाय बघ रंग!"

"भाजलाय तो, आई."

"काहीतरीच. माशाका असाच फिका होता. रोज उन्हात घेऊन बसले, तेव्हा कुठे काळा झाला. अंधारात कोंडलं तर मक्याचा कोंबसुद्धा पांढरा पडतो, तुझ्या नर्सबाईला काय ठाऊक!"

मिंझाने बाळ उचललं. तेलामुळे ते हातातून निसटत होतं. तिने अंगावरचं कापड सोडून त्याला गुंडाळलं.

"त्या दिवशी सगळ्यांसमोर तुम्हीच म्हणालात, हा माझ्या माशाकाचा."

"मग काय म्हणायचं होतं? तोंडं बंद नको करायला त्यांची?" कबुलाचा आवाज खाली आला. "आणि माझ्याकडे अशी बघू नकोस. तुला नकोय का त्याला रंग?"

मिंझा आत गेली. खुंटीवरची टोपी तिने काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी होड्या भरून आल्या. तिने वाळूवर एक होडी उपडी करून घेतली, भोवती पोती लावली आणि त्या सावलीत लुगोलाला निजवलं, पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात. घरून निघताना सासू ओट्यावरून बघत राहिली होती.

मासे पसरून झाल्यावर ती पाजायला पोत्याआड शिरली. टोपी जरा सरकली होती. ती सारखी करताना तिची दोन बोटं त्याच्या कानापाशी गेली. कडेची साल सुटू लागली होती. तिने ती कड हलकेच उलगडली, पोत्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे वळवली आणि खाली वाकली.

"काय गं, काय बघतेस एवढं?" एस्तेरीने बाहेरून डोकावलं.

"काही नाही," मिंझा म्हणाली. "टोपी नीट करतेय."