बटणं लावता येतात का?

या, जरा जवळ सरकून बसा. मोठ्यानं सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. एका कुलुपवाल्याची आहे, आणि त्यात शौर्य वगैरे काही नाही.

जिन्याखालची एक फळी आणि भिंतभर टांगलेल्या कोऱ्या किल्ल्या, एवढंच त्याचं दुकान. किल्ली हरवलेलं कुलूप आलं की तो डोळे मिटायचा, आत तार घालायचा आणि बोटांना ऐकू द्यायचा. एक खटका, दुसरा खटका, झालं!

मग आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध सुरू झालं. त्या औषधाचं थंडीशी हाडवैर. नळाचं पाणी प्यायलं तर घशात काचा टोचायच्या, लोखंडाला हात लावला की झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. बायको पाणी कोमट करून द्यायची, हत्यारं उन्हात ठेवायची. तो लोकरीचे हातमोजे घालून बसायचा.

शेजारचा न्हावी म्हणायचा, "काय राव, हातमोजे घालून कुलपं उघडतोस? पोलीस धरतील!"

आधी चार दिवसांत सगळं ओसरायचं. चौथ्या सलाईननंतर ओसरलं नाही. बोटांची टोकं मेल्यागत झाली.

सलाईन लावण्याआधी सिस्टर दर वेळी विचारायची, "काका, बटणं लावता येतात का?" नाही म्हटलं तर औषध कमी करतात, असं शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं सांगितलं होतं. औषध कमी म्हणजे गाठ परत, हे नवराबायकोनं आपलंआपणच ठरवून टाकलं. मग निघायच्या आधी बायको त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची, अगदी गळ्यापर्यंत. आणि तो सिस्टरला सांगायचा, "लग्न झाल्यापासून हीच लावते की!" सिस्टर हसायची. बायको खाली बघायची.

सातव्या सलाईनच्या आदल्या दिवशी एक बाई कपाटाची किल्ली करून घ्यायला आली. हातमोज्यात कानस नीट धरवेना, म्हणून त्यानं ते काढून ठेवले होते. बाई एकदम किंचाळली, "अहो, बोट बघा तुमचं!" किल्लीबरोबर तो आपलं बोटही घासत होता. रक्त मनगटापर्यंत आलं होतं आणि त्याला पत्ता नव्हता.

घरी बायकोनं पट्टी बांधली. "आता सांगून टाकू या हो."

"अगं, अर्धी वाट झाली. बोटं गेली तर जाऊ देत. मी तरी राहीन."

"आणि नुसतं बसून राहवेल तुम्हाला?"



दुसऱ्या दिवशी सिस्टरनं विचारलं, त्यानं नेहमीचं हसू तोंडावर आणलं, तोच बायको म्हणाली, "खरंच मी लावते. दीड महिना झाला." आणि तिला रडू फुटलं. सिस्टरनं त्याचं वरचं बटण काढलं. "लावा काका." तो बराच वेळ खटपटत राहिला. बटण काही काजात जाईना.

डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. "हे एकच औषध थांबवलं असतं. बाकीची चालूच राहिली असती," ते म्हणाले. "बोटं सुधारतील, किंवा सुधारणारही नाहीत. औषध बंद केल्यावरही काही महिने बधिरपणा कधीकधी वाढतो."

हॉस्पिटलचा जिना उतरताना बायकोनं विचारलं, "रागावलात?"

"आधी का नाही बोललीस?"

"मी तुमच्या तोंडाकडे बघत होते."

"आणि मी तुझ्या," तो म्हणाला.



ते औषध त्या दिवशीच बंद झालं, तरी बधिरपणा वाढलाच. गाठ अजून परतलेली नाही, देवाची दया. फळीवर आता बायको बसते, मशीनवर किल्ल्या कापते. किल्ली हरवलेलं कुलूप आलं की तो तिला सांगू लागतो, "जरा डावीकडे, आता हलकं दाब." पण बोटांना जे कळायचं ते तोंडाला सांगता येत नाही. गिऱ्हाईक कुलूप उचलून निघून जातं.

तुम्ही आज देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या कुलुपवाल्याची आठवण असू द्या. हात तोही जोडतो. ते जुळलेत की नाही, हे त्याला खाली बघूनच कळतं.