काळ्या साडीतली पेटीवाली

लीड्सला शिकत असताना सुलेखाच्या खोलीखाली चार पोरं राहायची. काळे कपडे, डोळ्यांत काजळ आणि गाणी सगळी थडग्यांची. एकदा त्यांचा गायक कॉलिन वर आला. सुलेखाला वाटलं, पेटीच्या आवाजाची तक्रार असणार. तो म्हणाला, "हे वाद्य आमच्या गाण्यात हवंय." तिने त्यांच्या पहिल्या रेकॉर्डमधल्या एका गाण्यात पेटी वाजवली आणि शिक्षण संपल्यावर ती पुण्याला परतली. पुढे लग्न, सिंगापूर, बँक.

तिकडे ती पोरं 'द ॲश वीव्हर्स' या बँडच्या नावाने नावारूपाला आली, दोनदा फुटली, दोनदा जुळली. मधल्या काळात कॉलिनने शाळेत भूगोल शिकवला. आता पस्तीस वर्षं पूर्ण झाल्याच्या दौऱ्यात बँड सिंगापूरला येणार होता. सुलेखाच्या मुलीला, इराला, जुन्या रेकॉर्डवर आईचं नाव सापडलं. तिने न विचारता त्यांना ईमेल ठोकला. तासाभरात उत्तर आलं: "बाईंना पेटीसकट घेऊन या."

"अगं, वीस वर्षं हात नाही लावला मी पेटीला!"

"सो? प्रॅक्टिस कर, लाह," इरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

आठ दिवस सिंगापुरातल्या पुंगोल भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पेटी वाजली. कपड्यांचा प्रश्न संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेने सोडवला. स्टेजवर ती आली तेव्हा लोकांना तो खास पोशाखच वाटला आणि टाळ्या पडल्या.

त्याच जुन्या गाण्याचं पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याला कॉलिन गप्प! पांढऱ्या केसांचा तो उंच माणूस माइकपाशी नुसता उभा. शब्द साफ विसरला होता. सुलेखाने तोच सूर धरून ठेवला, दोनदा घोळवला. तरी त्याला काही आठवेना. तिला मात्र एकेक ओळ पाठ होती. वर्षभर जमिनीतून ऐकलेलं गाणं ते. तिने समोरच्या माइककडे मान वळवली आणि सरळ गायला लागली. आवाज कापरा होता, पण सूर पक्का. तिसऱ्या ओळीला कॉलिन हसत हसत सामील झाला. पुढच्याच रांगेत इरा दोन्ही हात वर करून ओरडत होती, "दॅट्स माय आई!"

कार्यक्रम संपल्यावर कॉलिनने पेटी स्वतः उचलून बाहेर आणली.

"रविवारी क्वालालंपूरला आहोत आम्ही. येतेस?"

"विचारून सांगते," सुलेखा सवयीने म्हणाली.

"कोणाला?"

तिने क्षणभर विचार केला. "कोणालाच नाही. येते."