सोबतीला आत्या

करीमान खोकली. आधी हळू, मग जरा मोठ्याने. किल्ल्याच्या तटावर वारा भणाणत होता, तरी पुढे उभ्या असलेल्या हुसामने मान वळवून पाहिलं. रीहामचं मनगट त्याच्या मुठीत होतं, ते त्याने सोडलं नाही.

“आत्या, गार वारा बाधला वाटतं तुम्हाला,” तो हसत म्हणाला. “शाल घ्या की अंगावर.”

करीमान ही रीहामच्या बापाची, सब्रीची, थोरली बहीण. लग्न राहून गेलेली आणि भावाच्या घरात राहून गेलेली. अलेक्झांड्रियात त्यांच्यासारख्या घरची मुलगी ठरलेल्या नवऱ्याबरोबर एकटी हिंडत नाही. बरोबर कुणीतरी लागतं, आणि त्या घराण्यात ते कुणीतरी म्हणजे करीमान. सगळ्या भाच्यांबरोबर तीच हा किल्ला हिंडली होती. दोन पावलं मागे राहायचं, पलीकडच्या कट्ट्यावर बसायचं, पोरं फार जवळ सरकली की खोकायचं. एका भाचीचा नवरा इतका बुजरा होता की करीमाननेच समुद्राकडे तोंड केलं. म्हटलं, धर बाबा एकदाचा हात. तिच्या खोकल्यावरून घरात चेष्टा चालायची. तीही हसायची. आपण कुणाच्या कामाला येतो, एवढं तिला पुरत होतं.

आज झालं होतं ते एवढंच. गावाकडून आलेल्या एका कुटुंबाने रीहामच्या हातात मोबाइल दिला होता. “पोरी, आमचा सगळ्यांचा एक फोटो काढ.”

“काका, पोट आत घ्या, नाहीतर काकू मावत नाहीत,” रीहाम म्हणाली. सगळे खो-खो हसले. हुसामही हसला. ती मंडळी वळली तसं त्याने, चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून, तिचं मनगट धरलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलू लागला. त्याच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

पोरगी ओरडली नाही. हात ओढला नाही. मोठी गाडी जाईपर्यंत रस्त्याच्या कडेला थांबावं तशी खाली बघत थांबली. ते पाहून करीमानला कळून चुकलं, हे पहिल्यांदा घडत नव्हतं.

उरलेला दिवस मात्र दृष्ट लागावी असा गेला. मशिदीत जाऊन आले, बोटी पाहिल्या, तळलेली मासळी खाल्ली. हुसाम मोठा लाघवी. “आत्या, काटे काढलेत, निवांत खा,” म्हणत त्याने माशाचा तुकडा तिच्या ताटात ठेवला. तिला तो नको होता. न खावा तर अपमान, म्हणून पाण्याबरोबर गिळला.

परतताना ट्राममध्ये हुसाम पुरुषांच्या डब्यात चढला आणि या दोघी बायकांच्या. दार लागल्यावर रीहामने बाही वर केली. मनगटावर बोटांचे वळ उठले होते, लाल आणि जरा सुजलेले.

“काय म्हणत होता?” करीमानने विचारलं.

“परक्या माणसांत दात काढायचे नाहीत म्हणे. कुवेतला नेल्यावर बघतो म्हणाला.”

“आईला सांगितलंस?”

“सांगितलं. म्हणाली, पुरुष असतातच तापट, लग्न झालं की निवतात. बाबांना म्हटलं मला नाही करायचं, तर म्हणाले सगळ्याच मुली आधी असं म्हणतात.” रीहामने तिचा हात धरला. “आत्या, तू सांग ना. तू बघितलंयस.”

“मी बोलते सब्रीशी,” करीमान म्हणाली. म्हणाली खरं, पण त्या घरात तिने आजवर भाजी कुठली आणायची यापलीकडे मत दिलं नव्हतं.

घरी सब्री बाल्कनीत चहा घेत बसला होता. वाईट माणूस नव्हता तो. मुलीवर जीव होता, आणि असं कुवेतचं स्थळ तिच्या नशिबी आलं म्हणून महिनाभर हवेतच होता. शेजारी त्याची बायको अफाफ निमंत्रणाच्या मिठाईचे डबे मोजत होती.

“काय म्हणतो आमचा जावई?” त्याने विचारलं.

करीमान उभ्यानेच सगळं बोलली. मध्ये थांबली असती तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

सब्रीने कप खाली ठेवला. “रीहाम काही वावगं वागली?”

“नाही.”

“मग झालं तर. तुला कुणावर लक्ष ठेवायला पाठवलं होतं?”

“रीहामवर.”

“मग तिच्यावर ठेवायचं. त्याच्याकडे कशाला बघत बसलीस?”

“वन्सं, नवरा-बायकोत असलं चालायचंच,” अफाफ म्हणाली. “तुम्हाला अनुभव असता तर...” आणि जीभ चावून पुन्हा डब्यांकडे वळली.

त्या घरात आल्यापासून करीमानने भावाला उलट उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं. “तिचा हात तरी बघ, सब्री. बाप आहेस तू.”

सब्रीने मुलीला हाक मारली. तिने येऊन बाही वर केली. तो बराच वेळ त्या मनगटाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला, ते करीमानला स्पष्ट दिसलं. क्षणभर तिला वाटलं, आपण जिंकलो. मग तो बायकोकडे बघून, डब्यांकडे बघून म्हणाला, “ट्राममध्ये गर्दी फार असते. दांडीला लागलं असेल. हो ना गं?”

रीहामने आत्याकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याने ते विचारलं नव्हतं, विनवलं होतं.

“हो बाबा,” ती म्हणाली.

“बघ,” सब्री बहिणीला म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. “परवा तो तिला मोन्ताझाच्या बागेत नेणार आहे. तूच जा बरोबर.”

ती गेली. न जाऊन काय करणार? समुद्राकडे तोंड करून एक बाक होता. एका टोकाला हुसाम बसला, दुसऱ्या टोकाला रीहाम. हुसाम तिच्याकडे सरकू लागला, तशी करीमान पुढे झाली आणि पर्स मांडीवर घेऊन दोघांच्या मध्ये बसली. इतक्या भाच्या झाल्या, पण असं ती कधी बसली नव्हती. तिने पर्स दोन्ही हातांनी दाबून धरली.

हुसाम रागावला नाही. उलट अदबीने सरकून त्याने तिला आणखी जागा करून दिली.

“बसा ना आत्या, ऐसपैस बसा,” तो म्हणाला आणि समुद्र बघू लागला. पुढच्या गुरुवारी निकाह होता. त्याला कसलीच घाई नव्हती.