बी पडेपर्यंत तरी थांबा

मित्रांनो, 'मी एक जुनी वनस्पती आहे' असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण जुनं व्हायला सवड लागते, आणि माझा सगळा जन्म एका हंगामाचा. मी वाळवंटातली, एरंडाच्या कुळातली, पंजाएवढी जमिनीलगत पसरलेली. त्यातून स्वभाव भित्रा. खडीवर चप्पल वाजली तरी माझी पाचावर धारण बसते.

ॲरिझोनातल्या चँडलर गावी, रीमाच्या घरामागच्या अंगणात अंथरलेल्या खडीत मी उगवले. मला कुणी लावलं नव्हतं. उन्हानं खडी तापायची, ससे टपलेले असायचे, आणि पालापाचोळा उडवायचं मशीन घों घों करत यायचं. मी जीव मुठीत धरून फुलत होते. कौतुक सोडाच, माझं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं.

मग रीमाच्या बाळंतपणासाठी नागपूरहून तिची आई आली, सुलभाकाकू. पहिल्याच सकाळी त्या माझ्यापाशी वाकल्या.

"अगंबाई, ही तर आपल्याकडची नायटी, रानात उगवते ती! मोडली की अंगाला खाजवणारा चीक येतो. घरात तान्हं यायचंय, आणि हे इथं कशाला?"

त्यांची बोटं माझ्या बुडाशी आली. माझी बोंडं अजून हिरवी होती, बी पिकलं नव्हतं. आत्ता उपटलं असतं, तर माझ्यामागे माझं काहीच उरलं नसतं.

"काकू, थांबा ना प्लीज! आधी आयडी करू दे, नक्की कुठली आहे ते."

ही अस्मिता. रीमाकडे खोली घेऊन राहते, युनिव्हर्सिटीत वनस्पतिशास्त्र शिकते. तिनं माझी एक फांदी चटकन मोडली. पांढरा चीक आला. दुखलं हो! मग भिंग लावून ती माझं फूल बघू लागली. फूल कसलं, टाचणीच्या डोक्याएवढी वाटी, आणि तिला कात्रीनं कातरल्यासारख्या चार पांढऱ्या झालरी.

"ओ माय गॉड काकू, युमा स्पर्ज! इथली नेटिव्ह आहे ही. नायटीला अशा झालरी नसतात."

जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक झालं. मी हरखते न हरखते तोच ती म्हणाली, "हर्बेरियमच्या संग्रहाला अख्खी लागेल, मुळासकट. पेपरमध्ये दाबून वाळवते."

म्हणजे आगीतून फुफाट्यात!

काकूंनी भिंग मागून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिल्या. "अगं, फांद्यांखाली बघ. केवढी बोंडं लोंबतायत! पोटुशी आहे ही."

"काकू, प्लांट आहे ते."

"असू दे. माझी लेक आत दिवस मोजतेय, आणि मी हिला उपटू देऊ? बी पडेपर्यंत हात लावायचा नाही."

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. काकूंचं मन फिरलं तर? अस्मिता रोज येऊन वाकायची आणि मी गळून जायचे. पण एकेक बोंड वाळून तडकलं, बी खडीत उडालं. काल शेवटचं तडकलं.

मित्रांनो, आज अस्मिता खुरपं आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन आली आहे. मला भीती वाटतेच आहे, खोटं कशाला बोलू? एक विनवणी तेवढी ऐका. नाव ठाऊक नाही म्हणून कुणाला उपटू नका, आणि नाव कळलं म्हणूनही घाई करू नका. आधी वाकून बघा, त्याचं काम उरकलंय का.

खुरपं मुळाशी टेकलं, तशा काकू लगबगीनं बाहेर आल्या. त्यांच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं.

"हळू गं," त्या म्हणाल्या. "बाळंतीण आहे ती."