तीन कंपन्यांची रेषा

लाल पेन्सिल हातात धरून वासुदेवराव भिंतीसमोर नुसते उभे होते. मोहाडीच्या वीज उपकेंद्रात ते ऑपरेटर. मुंबईचा पेपर एसटीने दुसऱ्या दिवशी यायचा. त्यातून तीन वीज कंपन्यांच्या शेअरचे भाव ते काढत, सरासरी करत आणि भिंतीवर डकवलेल्या आलेखाच्या कागदावर ठिपका देत. स्वतःकडे शेअर एकही नव्हता. पण आपण जी वीज पुढे पाठवतो तिचे दिवस कसे आहेत हे त्या रेषेवरून कळतं, अशी त्यांची समजूत होती. सत्तरच्या दशकाची सगळी वर्षं रेषा सावकाश चढत आली होती.

"कसा हाये जी आज पेशंट?" लाइनमन यादोरावने दारातून आलेखाकडे पाहत रोजच्यासारखं विचारलं.

वासुदेवरावांनी ठिपका दिला. तो आदल्या ठिपक्याच्या पार खाली पडला.

"हा तं बसलाच जी," यादोराव म्हणाला, आणि पुढची थट्टा त्याने गिळली.

तिघींतली सर्वांत महाग कंपनी एका दिवसात निम्म्यावर आली होती. बाकीच्या दोघी जागच्या हलल्या नव्हत्या, पण त्यांचीही पाळी येणार असं वासुदेवरावांनी धरलं. मुंबईच्या लोकांना पुढचं आधी दिसतं. उद्या कंपन्या बसल्या तर नोकऱ्या कुठून निघणार, आणि निघाल्या तरी पोरीला कोण घेणार?

कारण त्यांची मुलगी ललिता बारावी होऊन नागपूरला विजेचा डिप्लोमा करायला निघाली होती. मावशीकडे राहायचं ठरलं होतं. तिच्या आईला, मनकर्णाबाईंना, ते पसंत नव्हतं. तारा जोडणारी पोरगी कोणत्या घरात खपेल, असं त्या येता-जाता विचारत. तेव्हा वासुदेवराव त्यांना रेषा पाहून यायला सांगत. त्या दिवशी मात्र घरी आल्यावर त्यांनी चपला काढता काढताच सांगितलं, "यंदा राहू दे, बेटा. रेषा वर चढू दे, मंग पाहू."

ललिताने वाद घातला नाही. भरलेली पेटी तिने स्वतःच रिकामी केली.

रेषा पुढे थोडीथोडी चढली, पण जुन्या उंचीजवळ आलीच नाही. वर्ष गेलं. पवनीहून धानाच्या व्यापाऱ्याचं स्थळ आलं, माणसं बरी होती, लग्न झालं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात केशवराव नावाचे बँकेचे नवे साहेब कमी दाबाची तक्रार घेऊन उपकेंद्रात आले. भिंतीकडे पाहून ते खूश झाले. मग रेषेतल्या त्या खड्ड्यावर बोट ठेवून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. वासुदेवरावांनी कंपनीचं नाव सांगितलं.

"अहो, तिनं बोनस दिला होता. एका शेअरचे दोन झाले, म्हणून भाव निम्मा. कंपनी होती तिथंच आहे. तुम्ही तिचा भाव दुप्पट धरून सरासरी काढायला हवी होती." पेपरात भावापुढे बारीक खूण असते, हेही त्यांनी सांगितलं. वासुदेवरावांना खूण आठवली. छपाईचा डाग म्हणून त्यांनी ती सोडून दिली होती.

रविवारी ते पवनीला गेले. ललिता अंगणात सूप घेऊन बसली होती. चहा झाला, घरच्यांची विचारपूस झाली. सगळे आत गेल्यावर त्यांनी साहेबांचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं.

"म्हंजे पडलं नोहतंच?" तिने विचारलं.

"नाही पडलं. मी चुकलो, माय."

ती तांदळातले खडे वेचत राहिली. तेवढ्यात आतले दिवे गेले. आतून सासूने हाक मारली, "सूनबाई, पाहा व, आपलीच लाइन गेली वाटते."

ललिता उठली. मेन स्विच बंद करून तिने स्टूल ओढलं, पदर खोचला आणि वर चढून फ्यूज उपसला. मी करतो, असं वासुदेवराव म्हणाले नाहीत. तिने जळकी तार काढली, नवी घेतली, स्क्रूभोवती ज्या बाजूने घट्ट होते त्याच बाजूने वळवली आणि उरलेलं टोक तोडून टाकलं. हे त्यांनी तिला कधी शिकवलं नव्हतं. बाजूला उभी राहून ती पाहत आली असणार.

स्टुलाचा एक पाय आखूड होता. वासुदेवराव खाली वाकले आणि तिचं काम होईपर्यंत त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.