खरखरीतली सम

पौषातला उतरता, उदास दिवस. कृष्णाकाठच्या ऊसमळ्यांवर धुराची निळसर, जडशीळ झूल पसरलेली. कुठेतरी फडातलं पाचट पेटवलं होतं आणि त्याची काळी, निर्भार राख मिरजेच्या अंगणाअंगणांतून उतरत होती. जास्वंदीच्या पानांवर, ओल्या पायरीवर, दोरीवरच्या शुभ्र साडीवर. बायका धुणं आत घेत होत्या आणि साखर कारखान्याच्या नावानं बोटं मोडत होत्या.

चारुशीलेच्या घरी जेवणं केव्हाच उरकली होती. सूर्य असेतो जेवून घ्यायचं, ही जैन घराची रीत. मग पुढे उरते ती लांबच लांब, रिकामी, राखाडी संध्याकाळ. पूर्वी ही संध्याकाळ भांडणाची असे.

भांडण आवाजांचं होतं. चारुशीला गाणं शिकवणारी. शुद्ध, स्वच्छ, स्वरव्रती कानाची बाई. तंबोऱ्याची तार केसभर उतरली तरी तिच्या कपाळाला आठी पडे. आणि तिचा नवरा भरतेश, कुपवाडच्या एका कारखान्यात उभा जन्म लोखंड कातायच्या लेथवर घालवलेला. मालकानं एकदा जर्मनीला धाडलं, तेव्हा बरोबरच्यांनी येताना घड्याळं आणली, अत्तरं आणली. यानं आणल्या ग्रामोफोनच्या तबकड्या.

काय होतं त्या तबकड्यांत? पत्रा फाडल्याचा आवाज. रेडिओचं स्टेशन हुकल्याची खरखर. लोखंडावर लोखंड, काचेवर काच, आणि मध्येच एक दीर्घ, दुष्ट शांतता. करणारे त्याला संगीत म्हणत, भरतेशही म्हणे. रोज दिवेलागणीला तो त्या कर्णकठोर, कंपविव्हल कल्लोळात डोळे मिटून बसे, आणि ती धाडकन दार लावून घेई.

"कान किटले माझे," ती दाराआडून म्हणे.

"आणि तुझा तंबोरा? एकच गोष्ट सांगतोय सकाळधरनं," तो हसून म्हणे.

मग श्रावणात भरतेशला ताप आला आणि मेंदूत चढला. माणूस वाचला, कान गेले. दोन्ही गेले, समूळ गेले, आणि परत यायचे नाहीत असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं.

कानांमागोमाग बोलणंही जाऊ लागलं. स्वतःचा आवाज ऐकू येईना, म्हणून तो कधी ओरडे, कधी पुटपुटे; समोरचा दचकला की ओशाळा होई. शेवटी त्यानं गप्पच राहायचं ठरवलं. हीच शांतता चारुशीलेनं वर्षानुवर्षं मागितली होती. ती मिळाली, आणि घर खायला उठलं. तिला आता भीती एकच होती, की हा माणूस असाच आत आत उतरत जाईल आणि एके दिवशी हाकेच्याच काय, स्पर्शाच्याही पलीकडे जाईल.

त्या राखाडी संध्याकाळी तो कितीतरी दिवसांनी बोलला. तबकड्यांच्या कपाटाकडे बोट करून, नको इतक्या मोठ्यानं.

"देऊन टाक कुणाला तरी. मला काय करायच्यात आता?"

ती उठली. त्याची सर्वांत लाडकी, कडा झिजलेली, कृष्णवर्णी तबकडी तिनं काढली, फिरत्या चकतीवर ठेवली, वर सुई टेकवली. मग त्याला ओठ दिसतील अशी समोर बसली.

"मी ऐकते," ती सावकाश म्हणाली. "तुम्ही हात द्या."

गाण्याला येणाऱ्या मुलींना ती ताल हातावरच शिकवी. टाळीला टाळी, आणि खालीला उलटा, उघडा, रिकामा हात. तसंच आता तिनं त्याच्या तळहातावर सुरू केलं. खरखर आली की नखांची टोकं फिरवली. लोखंड आलं की बोटांची पेरं आपटली. शांतता आली तेव्हा हात वर उचलून अधांतरी धरला, आणि खाली त्याचा तळवा वाट पाहत राहिला.

आवडलं का तिला? मुळीच नाही, खोटं कशाला बोला. प्रत्येक आवाज कानात दाभणासारखा शिरत होता. पण सवयीचं मन ऐकेना. ते सम शोधत होतं. गाणं जिथे फिरून फिरून घरी येतं, ती जागा. इथे घरच नव्हतं. आवाजामागून आवाज, सगळे बेघर, सगळे बेवारशी. आणि या उजाड, उग्र, उन्मत्त रानात हा माणूस रोज एकटा बसत होता, दाराच्या पलीकडे. तिला रडू आलं.

आणि मग ती सापडली.

एक खरचट, एक दणका, दोन मऊ टिचक्या. पुन्हा एक खरचट, एक दणका, दोन मऊ टिचक्या. पुन्हा. तेवढ्याच अंतरावर, तेवढ्याच वजनानं. तिचा चेहरा उजळला. दणक्यावर तिनं त्याच्या तळहातावर भरघोस टाळी दिली.

"सम," ती म्हणाली. "अहो, सम सापडली."

भरतेशनं डोळे उघडले. ओठ वाचले. मग तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. तबकडी फिरत होती, पण सुईचा दांडा जागचा हलत नव्हता. सुई ओरखड्यात अडकली होती, एवढंच. एका जागी उभं राहिलेलं टोक काय करतं, हे लेथवाल्याला कुणी सांगायला नको. दर फेऱ्याला तबकडी कुरतडली जात होती, आणि नुसतं एक बोट पुढे केलं असतं तरी पुरलं असतं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. गालांवर ओल होती, आणि ओठ लय मोजत होते. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच दाराच्या या बाजूला बसली होती. बोट पुढे करायचं त्याच्या जिवावर आलं.

त्यानं डोळे मिटून घेतले. टाळी पडली, मैफलीतल्या जाणत्यासारखी त्यानं नेमकी तिथे मान हलवली आणि मोठ्यानं, बेसूर, फाटक्या आवाजात म्हणाला, "वा."

ती दचकली नाही. पुन्हा टाळी पडली. पुन्हा, "वा."

सुई त्याच जागी उतरत राहिली, खोल, आणखी खोल. आणि लाडकी तबकडी मरत असताना, तिच्या एकेका फेऱ्याला, एक बहिरा माणूस बायकोच्या हाताला दाद देत राहिला.