एकेचाळीस नंबरचा मेंदू

प्रयोगशाळेत त्याला सगळे पातळभाऊ म्हणत. अंगाने तो चांगला आडवा होता. नाव पडलं होतं ते कामावरून. देहदान केलेल्यांच्या मेंदूचे केसाहून पातळ काप काढायचे, काचपट्टीवर पसरायचे आणि रंगवायचे, हे काम तो बावीस वर्षं करत होता.

तिथल्या डॉक्टरीणबाई एकच गोष्ट शोधत होत्या. मोठ्या माणसाच्या मेंदूत, आठवणींचा कारभार चालतो त्या भागात, काही मूळपेशी नुसत्या निजून असतात. शेजारच्या पेशी रसायनं सोडून त्यांना जणू सांगत राहतात, की पडून राहा. ती रसायनं कमी झाली की एखादी जागी होते, दुभंगते आणि नवी चेतापेशी जन्माला येते. उंदरांत हे पक्कं ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसांत असं होतं की नाही, यावरून भल्याभल्यांचे वाद होते.

एका सोमवारी एकेचाळीस नंबरचा डबा आला. चिठ्ठीवर नाव कधीच नसे. पुरुष, वय अडुसष्ट, आणि मृत्यूची तारीख. तारीख त्याने दोनदा वाचली. त्याचा थोरला भाऊ, दादा, त्याच दिवशी गेला होता. त्या दिवशी काय एकच माणूस गेला असेल, असं मनाशी म्हणत त्याने झाकण काढलं. मेंदूच्या पुढच्या भागावर, डावीकडे, नखाएवढा पिवळट खळगा होता. जुन्या माराचा वण.

दादा अकरा वर्षांचा असताना गच्चीच्या कठड्यावरून पडला होता आणि कपाळाला डावीकडे जबर मार लागला होता. पाय घसरला, असं त्याने घरी सांगितलं. खरं तर एका भिंगावरून भांडण झालं होतं आणि धाकट्याने, म्हणजे यानेच, त्याला ढकललं होतं. त्यावर दोघे कधी बोलले नाहीत. पुढे आईच्या आजारपणात तिला इस्पितळात ठेवायचं की घरी, यावरून दोघांचं असं वाजलं, की अकरा वर्षं एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. दादा गेल्याचं वहिनींनी फोनवर कळवलं, तेव्हा तो "बरं" एवढंच म्हणाला होता.

बाईंना लगेच सांगायला हवं होतं. पण दादाला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं त्याच्या जिवावर आलं. पंधरा दिवस तो काप काढत राहिला. पात्यावरून काप सुटताना शेजारी कुणीतरी श्वास रोखून उभं आहे, असं वाटे. घरी कुणी मागून आलं तरी तो दचके.

रंगवलेल्या कापांत निजवणारं रसायन दाट दिसत होतं. मग एका कापात दोन कोवळ्या चेतापेशी चमकल्या. बाई बराच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या.

"किती वयाच्या असतील?" त्याने विचारलं.

"माणसात नक्की सांगता येत नाही. काही महिन्यांच्या असाव्यात."

"म्हणजे शेवटी शेवटी काही नवीन शिकला असेल तो?"

"दोन पेशींवरून ते कुणालाच सांगता यायचं नाही." बाई त्याच्याकडे वळल्या. "तो म्हणजे कोण, पातळभाऊ?"

त्याने सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. उरलेलं काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवलं आणि त्याला घरी पाठवलं. तो गेला वहिनींकडे.

वहिनी सांगत होत्या, शेवटच्या वर्षी दादा सगळं विसरला होता. स्वतःच्या घरात वाट चुकायचा. एक गोष्ट मात्र नव्याने शिकला.

"तुमचा बदललेला नंबर मी कागदावर लिहून दिला होता. महिनाभर घोकून पाठ केला त्यांनी. दुपारी लावायचे, तुमचा आवाज ऐकायचे आणि ठेवून द्यायचे."

ते मुके फोन त्याला आठवले. एकदा वैतागून त्याने मनसोक्त शिव्या घातल्या होत्या. पलीकडून तेव्हाही कुणी बोललं नव्हतं.

"वहिनी, लहानपणी दादाचा पाय घसरला नव्हता," तो म्हणाला.

"माहीत आहे, भावोजी. लग्न झालं त्याच वर्षी बोलले होते. म्हणाले, धाकट्याला वाटतं मी विसरलो. वाटू दे."

डब्याचं मात्र त्याला सांगवलं नाही. वहिनींनी चहा दिला, तो त्याने उभ्याउभ्याच प्यायला.

आठवड्याने तो कामावर परतला. अजूनही काप काढतो, पण चिठ्ठी दुसऱ्याला वाचायला लावतो. झाकण काढलं की हात लावण्याआधी थोडा वेळ थांबतो, आतून कुणी काही बोलेल म्हणून.